डिस्कोचा ठेका आणि दहा राग
(नभोवाणीवरील भाषण)



‘डिस्को’ हा शब्द उच्चारतांच आपणांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें झगमगीत कपडे, फिरते दिवे आणि वरातीपुढें चालणारा, कानठळ्या बसविणारा कर्णा उभा राहील, हें मी जाणतों. ज्या गांवांत मुकुंदराजांची समाधि आहे आणि दासोपंतांची पासोडी आहे, त्या अंबाजोगाईच्या एका निवृत्त शाळामास्तरानें असला विषय भाषणास कां घ्यावा, असाहि प्रश्न कोणाच्या मनांत येईल. त्याचें कारण एक ध्वनिमुद्रिका आहे. १९८२ सालीं ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानें ती काढली. तिचें नांव मराठींत सांगावयाचें तर ‘डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग’ असें होईल. ती ज्यांनीं वाजविली त्या चरणजित सिंग यांचें नांव चित्रपटसंगीताच्या कारखान्याबाहेर त्या काळीं फारसें कोणास ठाऊक नव्हतें, आणि ती मुद्रिकाहि फारशी खपली नाहीं. पुढें अठ्ठावीस वर्षांनीं ती परदेशांतून पुन्हां निघाली, तेव्हां तेथील जाणकार चकित झाले. जें संगीत अमेरिकेंतील शिकागो शहरांत १९८७ च्या सुमारास जन्मास आलें असें ते मानीत होते, तें मुंबईच्या एका वादकानें पांच वर्षें आधींच वाजवून ठेवलें होतें! हा प्रकार काय आहे, तो आज आपण थोडा उलगडून पाहूं.

प्रथम डिस्को म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. मूळ शब्द फ्रेंच आहे. ग्रंथांचा संग्रह तें जसें ग्रंथालय, तसा तबकड्यांचा संग्रह तो दिस्कोतेक. पुढें, वादकांस न बोलावतां नुसत्या तबकड्या लावून जेथें लोक नाचतात त्या जागेस हें नांव पडलें, आणि अखेर त्या जागीं वाजणाऱ्या संगीतासच लोक डिस्को म्हणूं लागले. १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कसारख्या शहरांत तें वाढलें. वाढविणारे लोक बहुधा कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी किंवा प्रतिष्ठित समाजानें या ना त्या कारणानें बाजूस सारलेले होते. १९७७ सालच्या ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ ह्या चित्रपटानें तें जगभर पोहोंचविलें. मग त्याचा वीट येण्यासहि वेळ लागला नाहीं. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागोच्या एका क्रीडांगणावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरांत, डिस्कोच्या तबकड्यांची एक पेटी स्फोटकें लावून उडवून देण्यांत आली. लोक मैदानांत घुसले आणि दुसरा सामना झालाच नाहीं. एखाद्या रागाची किंवा लावणीची अशी होळी आपल्याकडे कोणी केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. अर्थात् वाळींत टाकण्याची कला आपणांस चांगली अवगत आहे, होळीची गरज पडत नाहीं.

तिकडे अशी ही प्रेतयात्रा निघाली असतां इकडे मुंबईंत बारसें झालें. १९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटांत बंगळूरहून इंग्लंडांत जाऊन स्थायिक झालेल्या बिद्दू ह्या संगीतकारानें एक गाणें दिलें, आणि तें गायिलें मूळच्या कराचीच्या नाझिया हसन ह्या पंधरा वर्षांच्या मुलीनें. दुसऱ्याच वर्षीं तिची ‘डिस्को दीवाने’ ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंस ती घरोघरीं वाजली. चित्रपटाचा आधार नसतांना गाण्याची तबकडी इतकी खपूं शकते, हें आपल्या बाजारास त्या मुलीनें शिकविलें. बिचारी २००० सालीं लंडनमध्यें कर्करोगानें गेली. वय अवघें पस्तीस. १९८२ मध्यें ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पी लाहिरी यांचें नांव ह्या ठेक्याशीं कायमचें जोडलें गेलें. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या गांवीं लग्नाच्या मांडवांत दुसरें कांहीं वाजत नसे, असें म्हटलें तरी चालेल.

ह्याच लाटेंत चरणजित सिंग मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून काम करीत होते. त्यांचा जन्म १९४० च्या सुमाराचा. पेशा चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील वादकाचा. ह्या वाद्यवृंदांविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. संगीतदिग्दर्शक चाल बांधी; तिला शंभर वाद्यांचा साज चढविणारे आणि तो वाजविणारे लोक निराळेच असत. गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, पारशी घराण्यांतील केरसी लॉर्ड, अशी कांहीं नांवें आज जाणकारांस माहीत आहेत. परंतु तबकडीच्या वेष्टणावर त्यांचें नांव क्वचितच छापलेलें असे. चरणजित सिंग हे त्यांच्यांतलेच एक. गिटार, मंद्र सुरांची बेस गिटार, आणि विजेवर चालणारीं नवनवीं स्वरवाद्यें हें त्यांचें क्षेत्र. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ मधील सर्वांस ठाऊक असलेल्या त्या धुराच्या गाण्यांत ट्रान्झिकॉर्ड नांवाची विजेची अकॉर्डियन वाजते, ती त्यांच्या हातची. लाखों लोकांनीं ती ऐकली. वाजविणाऱ्याचें नांव त्यांतल्या किती जणांनीं विचारलें असेल?

नवें वाद्य बाजारांत आलें कीं तें आणावयाचें, अशी त्यांची हौस होती. जपानमधील ओसाका येथें १९७२ सालीं इकुतारो काकेहाशी यांनीं रोलंड नांवाची कंपनी काढली होती. तिच्या तीन पेट्या चरणजित सिंग यांच्या हातीं आल्या, आणि आपली सारी कथा ह्या तीन पेट्यांभोंवतीं आहे. एक ज्युपिटर-८ : पियानोसारख्या पट्ट्यांचें, विजेनें स्वर उत्पन्न करणारें वाद्य. हें त्यांनीं सिंगापुरांत विकत घेतलें. दुसरी टीआर-८०८ : तालाची पेटी. तिसरी टीबी-३०३ : मंद्र सुरांची पेटी.

तालाच्या पेटींत कोणा वादकाचा ठोका मुद्रित करून ठेवलेला नसतो. विजेचें एक मंडल क्षणभर थरथरतें आणि तो थरथराट विरत जातो. आपल्या कानास तो ढोलाचा घुमारा वाटतो. तिसऱ्या पेटीचा हेतु तर अगदीं साधा होता. एकट्यानें गिटारीचा सराव करणाऱ्यास मागें बेस गिटार वाजविणारा सोबती हवा असतो. तो नसेल तर ही पेटी. तिच्यांत आधीं स्वर भरून ठेवावयाचे आणि मग ती आपण होऊन तेच स्वर फिरफिरून वाजविते. पण खऱ्या बेस गिटारीसारखा तिचा आवाज कधींच झाला नाहीं, स्वर भरण्याची रीतहि किचकट. म्हणून १९८४ च्या सुमारास कंपनीनें तिचें उत्पादन बंद केलें. तिच्यांत मात्र एक खुबी होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारतां घसरत जाण्याची सोय तिच्यांत होती, आणि एक खुंटी पिळली असतां तोच स्वर गुदमरल्यासारखा तर कधीं किंचाळल्यासारखा करतां येई. घसरत जाणें म्हणजे आपली मींड. जपानी कारागिरास मींड ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण ती त्याच्या पेटींत होती खरी.

आतां तालाकडे वळूं. ह्या सगळ्या प्रकरणांत मला अत्यंत चित्तवेधक वाटलेली गोष्ट येथें आहे. टीआर-८०८ ह्या पेटीच्या पुढल्या कडेस सोळा कळा एका ओळींत आहेत. त्या चार-चारांच्या गटांनीं तांबड्या, नारिंगी, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगविलेल्या आहेत. ज्या कळेवर बोट ठेवाल त्या ठिकाणीं ठोका पडेल. सोळा घरें, चार-चारांचे चार भाग! तबल्याचा पहिला धडा घेतलेलें पोर देखील म्हणेल कीं, हा तर त्रिताल. आणि डिस्कोचा ढोल ह्या सोळांपैकीं कोठें वाजतो? पहिल्या, पांचव्या, नवव्या आणि तेराव्या घरीं. नेमक्या त्याच ठिकाणीं त्रितालाचे विभाग सुरू होतात.

परंतु येथेंच दोहोंची वाट फुटते. त्रितालांत पहिल्या, पांचव्या आणि तेराव्या मात्रेस टाळी आहे. नवव्या मात्रेस खाली आहे. तेथें आपण हात आपटीत नाहीं, बाजूस टाकतों. आणि त्या विभागांत तबलजीचा डग्गा मुका होतो. त्या मौनामुळें ऐकणाऱ्यास आपण आवर्तनांत कोठें आहों हें कळतें, आणि समेची ओढ लागते. डिस्कोस खाली नाहीं. नवव्या घरींहि तो पहिल्याइतकाच जोरानें आपटतो. मिनिटास सुमारें एकशें वीस ठोके, म्हणजे सेकंदास दोन, आणि सारे सारखे. नाचणाऱ्यास हेंच हवें असतें. पाऊल कोठें टाकावें ह्याचा विचार त्यास करावा लागत नाहीं. आमच्या योगेश्वरीच्या उत्सवांतील संबळ ऐका. तोहि नाचवितो, अंगांत आणतो; पण त्याच्या दोन भांड्यांचा संवाद असतो, एक बोलतें तेव्हां दुसरें ऐकतें. डिस्कोचा ढोल कोणाचेंहि ऐकत नाहीं.

मग अशा ढोलावर राग वाजवावयाची बुद्धि चरणजित सिंग यांस कां झाली? त्यांनीं पुढें मुलाखतींत ह्याचें उत्तर अगदीं सरळ दिलें आहे. त्या वर्षीं चित्रपटांत जिकडे तिकडे डिस्को चालला होता. त्यांच्या मनांत आलें कीं, ह्याच ठेक्यावर कांहीं निराळें करावें, राग घ्यावे आणि तबला वगळावा. ह्यांत कोठें तत्त्वज्ञान नाहीं, बंड नाहीं. रोज दुसऱ्याच्या चाली वाजविणाऱ्या माणसास एकदां आपलें कांहीं वाजवावेंसें वाटलें. चित्रपटगीतांच्या धून वाजविलेल्या तबकड्या त्यांच्या नांवावर आधीं निघाल्या होत्या. परंतु त्या गाण्यांच्या सावल्या होत्या. स्वतःची म्हणावी अशी पहिली निर्मिति हीच, असें मी समजतों.

दहा राग असे : भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. प्रत्येकास सुमारें पांच मिनिटें. हा क्रम पाहून मैफलीस बसणारा रसिक प्रथम हंसेल. आपण ज्या भैरवीनें मैफल संपवितों, तिनें येथें आरंभ होतो. पहाटेचा ललत झाल्यावर लगेच संध्याकाळची भूपाळी, तिच्या पाठोपाठ दिवसाच्या दुसऱ्या प्रहरांतील तोडी! वेळेचें बंधन ह्या माणसानें साफ झुगारलें आहे. पण ज्या जागेस खिडकी नाहीं आणि जेथें रात्रभर दिवे फिरत असतात, त्या जागेच्या ठेक्यावर वाजणाऱ्या रागास प्रहर विचारणें हेंहि थोडें विनोदीच होय. मेघमल्हार मात्र मीं मुद्दाम जेठांत ऐकला. आमच्या बालाघाटाच्या डोंगरावर त्या रागाची वाट वर्षाचे दहा महिने पाहावी लागते, मग तो तंबोऱ्यावर येवो कीं विजेच्या पेटीवर.

पांच मिनिटांत राग काय होणार, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास माझें उत्तर असें कीं, १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांनीं आपल्या देशांतील पहिल्या तबकड्यांपैकीं कांहीं दिल्या, तेव्हांपासून राग सुमारें तीन मिनिटांत बसविला जात होता. अब्दुल करीम खांसाहेब आणि हिराबाई बडोदेकर यांच्या ज्या तबकड्या आपले वाडवडील प्राणापलीकडे जपत, त्या एवढ्याच लांबीच्या. काळाची कात्री हा दोष मानावयाचा तर तो सर्वांसच लागू आहे.

स्वरांचा आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्युपिटरच्या पट्ट्या पियानोच्या हिशोबानें लाविलेल्या. सप्तकाचे बारा सारखे तुकडे. तोडीचा गंधार त्या हिशोबांत बसत नाहीं, तो आणखी खालीं उतरलेला हवा. हाच वाद आपल्याकडे हार्मोनियमवरून झाला आहे, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांनीं तो विसरतां कामा नये, कारण १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या दारांतून घालवून दिलें होतें. ती बंदी शिथिल होण्यास सुमारें तीस वर्षें लागलीं. तेवढ्या काळांत महाराष्ट्रांतलें भजन, कीर्तन आणि नाटक पेटीवांचून एक दिवस तरी अडून राहिलें काय? तरीहि आक्षेप खोटा ठरत नाहीं. ह्या मुद्रिकेंतील तोडी मला कोरडी वाटली. ललत त्याहून अवघड. त्यांत दोन मध्यम शेजारीं शेजारीं येतात आणि पंचम मुळींच नाहीं, तंबोरा देखील पंचमाऐवजीं मध्यमावर लावावा लागतो. तो त्यांनीं बऱ्यापैकीं सांभाळला आहे. भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार पांच-पांच स्वरांचे राग. स्वरांत मोकळी जागा भरपूर, त्यामुळें यंत्राची बोटें तेथें ठेंचाळत नाहींत. मालकंस तर खरोखर रंगतो. खालीं मंद्र सुरांची पेटी एकच आकृति घुसळीत असते, वर स्वर घसरत घसरत षड्जावर येऊन टेकतो, आणि ऐकणारा क्षणभर विसरतो कीं हें कोणा जपानी कारखान्यांतून आलें आहे.

शिकागोचें काय, तें आतां सांगतों. त्या शहरांतल्या गरीब कृष्णवर्णीय तरुणांनीं, डिस्कोची होळी झाल्यावरहि, आपलें नाचाचें संगीत सोडलें नव्हतें. बाजारांत पडलेली टीबी-३०३ त्यांना स्वस्तांत मिळाली. फ्यूचर नांवाच्या त्रिकूटानें तिच्या खुंट्या पिळीत पिळीत एक लांबलचक रचना केली. १९८७ सालीं ती ‘अॅसिड ट्रॅक्स’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाली आणि तींतून अॅसिड हाउस नांवाचा प्रकार निघाला. तिचें आणि मुंबईच्या तबकडीचें साम्य कानास तत्काळ जाणवतें. म्हणून वृत्तपत्रांनीं लिहिलें कीं, अॅसिड हाउसचे जनक चरणजित सिंग! हें म्हणणें मला मान्य नाहीं. शिकागोच्या मुलांनीं ती मुद्रिका ऐकली होती असें दिसत नाहीं, आणि ज्याचें अपत्य ज्यास ठाऊकच नाहीं, त्यास जनक कसें म्हणावें? साम्याचें कारण निराळें आहे, आणि तें अधिक मनोरंजक आहे. पाश्चात्त्य डिस्कोमध्यें स्वरसमूह सारखे पालटत असतात. आधारच हलत असतो. रागास हें चालत नाहीं. त्याचा षड्ज एकदां लागला कीं शेवटपर्यंत तोच. राग वाजवावयाचा म्हटल्यावर ती पालट आपोआप गळाली आणि उरलें काय, तर एक स्थिर आधार, एक अखंड ठेका, आणि त्यावर वळसे घेणारा एकच स्वरप्रवाह. शिकागोच्या तरुणांनीं निराळ्या वाटेनें, अल्प साधनें असल्यामुळें, तेंच सारें गाळलें. पेटी तीच, गाळल्यावर तळाशीं उरणारी वस्तूहि तीच.

मुद्रिका खपली नाहीं आणि चरणजित सिंग पुन्हां आपल्या कामास लागले. लग्नसमारंभांत, मेजवान्यांत त्यांचा वाद्यवृंद वाजत असे. पुढें हॉलंडमधील एडो बाऊमन ह्या संग्राहकास दिल्लींतील एका दुकानांत ही तबकडी सांपडली. त्यानें शोध काढीत मुंबई गांठली, आणि २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध केली. सत्तरी ओलांडलेल्या ह्या गृहस्थानें मग युरोपांत जाऊन नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांपुढें तेच राग वाजविले. जुलै २०१५ मध्यें मुंबईंत त्यांचा अंत झाला.

एक गोष्ट सांगितल्यावांचून मात्र मला राहवत नाहीं. ज्या पेट्यांनीं ह्या वादकास अखेर नांव मिळवून दिलें, त्यांच्याच पुढल्या पिढीनें मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील व्हायोलिनवाल्यांच्या रांगा घरीं बसविल्या. एका माणसानें एका खोलींत पन्नासांचें काम करावें, अशी सोय झाली. मोठ्या शहरांत जें घडलें तें आमच्याकडेहि आलें. माझ्या एका विद्यार्थ्याचें घराणें सनई आणि हलगीवर जगत असे. लग्नाची सुपारी आली कीं घरांत चार दिवस गोडधोड होई. आज वरातीपुढें गाडीवर रचलेले कर्णे चालतात आणि त्याची हलगी खुंटीवर आहे. त्यानें मला विचारलें, “गुरुजी, त्या पेटीला हलगी वाजवतां येती का?” मीं म्हटलें, वाजवितां येतें. तो म्हणाला, “मग मला कोण बोलावणार?” त्यास द्यावयास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. चरणजित सिंग यांनीं तबला वगळला तो गंमत म्हणून, पांच मिनिटांपुरता. बाजारानें वगळला तो हिशोब करून.

ज्या श्रोत्यांस ही मुद्रिका मिळेल त्यांनीं तोडीपासून आरंभ करूं नये, मन विटेल. शेवटून दुसरा मालकंस आहे, तो लावावा. हातानें त्रिताल धरावा. पहिल्या, पांचव्या आणि तेराव्या मात्रेस टाळी द्यावी आणि नवव्या मात्रेस हात बाजूस टाकावा. पेटी तेथेंहि ठोका देईल. आपण देऊं नये.